दुकानात चालतं

तिसऱ्यांदा गुंडेटींनी तोच डबा काउंटरवर ठेवला,
काठ उसवलेल्या चादरीत गुंडाळून.
"बंद पडायलंय."
मी लावला. एकच बीप,
मास्तरांपुढे हात वर करणाऱ्या हुशार पोरासारखी.
रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पंखा गुणगुणत होता
आणि पडद्यावर चौकटी-चौकटींचा अर्धा मोर,
मान नसलेला.

"बघा, चालतंय."
"इथं चालायलंय ओ. तिथं नाही."

वीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय
की उत्तर म्हणून मी नवा एसएमपीएस बसवतो आणि पैसे घेतो.
या खेपेला तोही बसवून झाला होता.
रॅमच्या पट्ट्या खोडरबरनं घासून झाल्या होत्या.
ब्लोअर मारल्यावर आतून सुताची लव निघाली,
बाळाची उशी भरेल एवढी.

मग मीच गेलो, मीटर खिशात घालून,
अशोक चौकाच्या मागच्या बोळात.
एप्रिल. डांबर चप्पल सोडत नव्हतं.
बारा मागांची खटखट अशी की गुंडेटींचं बोलणं
मी ओठांवरून वाचलं.
ऑफिस म्हणजे लोखंडी टेबल, भिंतीवर मार्कंडेय ऋषी,
खाली हिशेबाच्या वह्या आणि अर्धा डबा शेंगाचटणी.
डबा लावला.
सव्वाचार मिनिटं.
मोराला मान फुटता फुटता काळोख.

वायर बदलली. बोर्ड बदलला. टेबल सरकवलं.
"माग बंद करा जरा."
बारा माग एकेक करून गप्प झाले,
कानांत शिट्टी उरली,
आणि डबा चालला.
कंप! म्हटलं, सापडला चोर.
खाली स्पंजचे चार तुकडे ठेवले, माग सुरू करायला लावले.
साडेतीन मिनिटं.

नरसव्वा कोपऱ्यात कांड्या भरत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आज कुठं चालतंय? नळ परवा."
"म्हणजे?"
"नळ आला की चालतंय. दुसऱ्या दिवशीबी.
मग नाही."

गुंडेटी हसले. मीही हसलो,
पण हसता हसता मीटरची टोकं
न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये घातली.
एकेचाळीस.
तिथं दोन-तीनच्या वर काही दिसू नये.

तार धरून भिंत उतरलो, मोरीवरून परसात.
अर्थिंगचा खड्डा. कोळसा, मीठ कधीच विरून गेलेलं.
वर कढीपत्त्याचं रोप, नरसव्वानं लावलेलं,
"वल होती म्हून."
आता मातीला पावलाएवढी भेग.
चार दिवसांनी पाणी यायचं, भांडी भरायची,
उरली तर एक बादली रोपाला.
रोप दोन दिवस तग धरायचं.
आत मोरही.

तिनं हंड्यातली अर्धी कळशी दिली, कुरकुरत.
"झाडासाठी देते. डब्यासाठी नाही."
माती चुरचुरली.
एकेचाळीस. तीस. अठरा.
सहावर थांबलं.
आत कुणीतरी ओरडलं, चोच आली म्हणून.

बिलावर 'बिघाड' समोर मी लिहिलं: जागा.
खोडलं. लिहिलं: माती कोरडी.
गुंडेटी म्हणाले, "याच्यावर जीएसटी किती?"
नवा खड्डा घ्या, तांब्याची पट्टी टाका, एवढं सांगितलं.
आधीच्या एसएमपीएसचे पैसे
त्यांनी मागितले नाहीत.
मीही विषय काढला नाही.

परतताना सिग्नलला थांबलो तर
'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून
मी परत धाडलेले डबे आठवायला लागले.
छापखान्यातला. डॉक्टरांच्या तळघरातला.
विडी घरकुलातली ती मुलगी, सायकलच्या कॅरिअरला
ओढणीनं बांधून आणलेला तिचा.
फक्त संध्याकाळी, म्हणाली होती,
शेजारची पिठाची गिरणी—
पुढचं मी ऐकलं नव्हतं.
दुकानात चालतं, म्हटलं होतं.

नंबर वहीत असेल.
कुठल्या साली, ते आठवत नाही.